काकाजींचा कार्यक्रम

'चेंबर म्युझिक' हा शब्द इमादने घरात एकदाच उच्चारला, पुन्हा म्हणून त्याचं नाव घेतलं नाही. ईदचा दुसरा दिवस होता, सगळे जेवायला बसले होते, आणि त्याच्या धाकट्या भावाने, शाकीबने, सहज विचारलं होतं की कानाला ते हेडफोन लावून तू दिवसभर करतोस तरी काय. इमादने सांगितलं. शाकीबने घास खाली ठेवला. "भाई, चेंबर तो अपने गल्ली का भी तुंबेला है. पहले उसका कुछ करो." सगळं घर हसलं. इमादची बायको नाजिया ओढणी तोंडाला लावून हसली. इमादही हसला, कारण अशा वेळी जो हसत नाही त्याचं जास्त हसं होतं.

तशी गोष्ट साधी होती. चेंबर म्युझिक म्हणजे खोलीतलं संगीत. दोन-चार माणसांनी वाजवायचं आणि खोलीत मावतील तेवढ्यांनी गप्प बसून ऐकायचं. अडचण त्या गप्प बसण्यात होती. आमच्या अमरावतीत माणूस गप्प बसतो तो परीक्षेत, दवाखान्यात आणि जावई रुसून बसला असेल तर. संगीत सुरू झालं की त्याला हटकून बोलायचं आठवतं.

इमादचा गिटारचा क्लास होता, कोचिंगवाल्यांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली डॉक्टर घडत, वर इंजिनिअर घडत, आणि मध्ये इमाद पोरांना एकेक सिनेमाचं गाणं शिकवी. गाणं बसलं की पोरगा क्लास सोडी, कारण ज्या पोरीसाठी शिकायचं तिच्यापुरतं तेवढं पुरे असे. पोटासाठी हे. जिवासाठी त्याने बासरी आणि गिटारसाठी एक रचना बांधायला घेतली होती. तिचं नाव 'पाच मुलूख'. पेरू, माली, जपान, बल्गेरिया आणि आर्मेनिया. यातल्या एकाही मुलखात तो गेला नव्हता. पासपोर्ट नव्हता, आणि मुंबईला गेला होता तोही मामाच्या मयताला. पण पेरूच्या डोंगरावरचा वारा बासरीत कसा घ्यायचा, मालीची माणसं अंगठ्याने आणि पहिल्या बोटाने तारा कशा छेडतात, बल्गेरियाचा सात मात्रांचा नाच लंगडत लंगडत कसा धावतो, हे सगळं त्याने कानांनी चाटून पुसून घेतलं होतं. नुसती नक्कल करायची नव्हती त्याला. त्या मुलखांची चाल घेऊन आपलं काही सांगायचं होतं. काय सांगायचं होतं ते शब्दांत विचारलं असतं तर त्याला आलं नसतं, म्हणून तर तो गिटार वाजवत होता.

बासरी सत्यवतीची. ती बडनेऱ्याला एका शाळेत संगीत शिकवायची, नवरा रेल्वेत होता. जुन्या लुगड्याच्या तिने स्वतः शिवलेल्या पिशवीत लहान-मोठ्या बासऱ्या असत आणि प्रत्येक मुलखासाठी त्यातली एक ठरलेली होती. रविवारी ती क्लासवर येई, दोघं घाम पुसत तालीम करत, आणि निघताना दारात चप्पल घालता घालता ती म्हणे, "येते मी, इमादभाई." तिच्या मुलीची परीक्षा असो की घरी पाहुणे असोत, तिने रविवार चुकवला नाही. या कामात तिला काय मिळत होतं, हे इमादने कधी विचारलं नाही. विचारलं तर ती स्वतःही विचारात पडेल, अशी त्याला धास्ती होती.

मधूनमधून दोघांना लग्नाच्या रिसेप्शनमध्ये बोलावणं येई. 'सॉफ्ट म्युझिक' पाहिजे असे, म्हणजे पाणीपुरीच्या स्टॉलवर बोलणं ऐकू येईल इतपत. असंच एकदा अकोल्यात ते वाजवत होते आणि एक म्हातारा आपली खुर्ची ओढत ओढत स्टेजपुढे घेऊन आला. रामराव गावंडे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, उंच, धोतर आणि वर बुशशर्ट. त्याने गिटारवर नजर लावून पूर्ण तुकडा ऐकला आणि विचारलं, "हे कोनत्या मुलखाचं?"

"मालीचं, काकाजी."

"आमचे माळी असं कवापासून वाजवाले लागले?"

इमादने आफ्रिका सांगितली. रामराव स्वतःच्याच चुकीवर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि म्हणाले, "आता तुमी घरी या. इथं तुमाले कोनी ऐकून नाही राहिलं."

तेव्हापासून नवा तुकडा बसला की दोघं अकोल्याला जात. रामरावांच्या बैठकीत पंखा बंद करून वाजवत. रामराव घामाने निथळत ऐकत आणि त्यांची बायको कौशल्याकाकू आत थांबून, वाजवणं संपल्यावरच चहा आणत. एवढं मोठं जग, त्यात 'पाच मुलूख' ऐकणारा माणूस एकच. तो दर वेळी म्हणायचा, "तुमचा कार्यक्रम मी करतोच. घरापुढं मांडव टाकतो, दोनशे मानूस बसवतो. आन् जो मधात उठंल, त्याले चाय नाही." इमाद हसून सोडून देई, आणि परतीच्या गाडीत त्याच मांडवात जाऊन बसे.

दिवाळीनंतर त्याच्या डाव्या हाताची करंगळी बधिर झाली. आधी वाटलं, तारांनी झालं असेल. मग तार दाबली तरी दाबली हे कळेना. डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला आणि सांगितलं की नस दबली आहे, औषधाने वेग कमी होईल, गेलेलं परत येईल असं समजू नका. शेजारचं बोटही जाईल का, असं इमादने विचारलं. डॉक्टर भले होते, त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. आर्मेनियाचा तुकडा सगळ्यात शेवटचा. त्यात करंगळीने वरचा सूर धरून ठेवायचा आणि बाकीची बोटं खाली चालवायची, असं त्यानेच बांधून ठेवलं होतं. आपल्याच हाताने आपल्यासाठी खड्डा खणावा तसं झालं. सत्यवतीला त्याने हात आखडलाय एवढंच सांगितलं. रामरावांना तर फोन करणंच सोडून दिलं. त्यांनी कार्यक्रमाचं काढलं असतं, आणि हो म्हणायला हात नव्हता, नाही म्हणायला जीभ नव्हती.

मे महिन्यात फोन आला.

"इमादभाऊ बोलता काय? मी कुलदीप, अकोल्याहून. रामराव गावंड्यांचा मुलगा."

"हो, बोला भाऊ."

"रविवारी बाबांचा कार्यक्रम हाय. तुमाले तं मालूमच असंल."

"हो हो. काकाजी मागंच बोलले होते."

कुलदीप म्हणाला, "हो, त्याइनं आमालेबी सांगून ठेवलं होतं. बासरी आन् गिटार ठेवजा म्हने. घरापुढं मांडव टाकला हाय. दोन-अडीचशे मानूस होईन."

"अडीचशे?"

"जास्तच. बाबांची वळख लय होती ना. तुमी दहा वाजेपर्यंत येऊन जाजा."

ओळख 'होती' म्हणाला तो. बासरी केसभर चढली तरी इमादला कळायचं, हे कळलं नाही. सकाळी दहाला मैफल कोण ठेवतं, असंही मनात आलं, आणि उन्हाळा आहे म्हणून ठेवली असेल, असं त्याने स्वतःच उत्तर देऊन टाकलं. माणसाला जे ऐकायचं असतं तेवढंच त्याचे कान आत घेतात.

त्याने लगेच सत्यवतीला फोन लावला. "ताई, ठरला. काकाजींनी मांडव टाकला. अडीचशे माणूस."

"खरंच?" ती म्हणाली आणि मग बराच वेळ नुसती हसत राहिली.

मग त्याने हात जपायला सुरुवात केली. क्लासला सुट्टी दिली. पाण्याची बादली उजव्या हाताने उचलली. करंगळी गेलीच होती, पण शेजारचं बोट अजून तग धरून होतं. ते वर सरकवून करंगळीचं काम त्याच्याकडून काढायचं, असा त्याने मार्ग काढला. दिवसातून एकदाच वाजवून पाहायचा, कंजूष माणूस तुपाची बरणी उघडतो तसं. रविवारपुरतं चालेल, असं त्याला वाटलं. पुढचं त्याने अल्लावर सोडलं. एकदा, फक्त एकदा, पाचही मुलूख समोर बसलेल्या माणसांनी ऐकावेत, मग हात राहो की जावो. निघताना नाजियाने इस्त्रीचा कुर्ता दिला आणि विचारलं, "इस बार तो सुनेंगे ना लोगां?" तिच्या आवाजात थट्टा नव्हती. तो अत्तर लावून निघाला.

सत्यवती बडनेरा स्टेशनवर भेटली. मोरपंखी साडी, केसांत मोगऱ्याचा भरगच्च गजरा. अकोल्यापर्यंत दोघं पोरांसारखी बोलत होती. कोणता तुकडा आधी, मधे बोलायचं की नाही, जपानच्या तुकड्यातल्या शांततेत लोकांना खोकला आला तर काय करायचं.

रामरावांच्या गल्लीत ऑटो शिरला तेव्हा मांडव दिसला. पांढरा. तोंडाशी स्टुलावर रामरावांचा मोठा फोटो, त्याला हार, समोर समई. पांढऱ्या टोप्यांची माणसं हात जोडून आत जात होती. सत्यवती ऑटोतून उतरली आणि तिथेच थांबली. मग तिने हात मागे नेला, गजरा ओढून काढला आणि पिशवीत कोंबला.

"इमादभाई, फोनवर काय सांगतलं होतं तुमाले? शब्द न् शब्द सांगा."

"बाबांचा कार्यक्रम हाय, म्हणाला."

"अहो," ती हळू म्हणाली, "कार्यक्रम म्हंजे तेरवी."

वऱ्हाडात तेराव्या दिवसाच्या तेरवीला फोनवर तेरवी म्हणत नाहीत. तोंडाला ते बरं वाटत नाही, म्हणून कार्यक्रम म्हणतात, आणि ऐकणारा समजून घेतो. इमादच्या घरी तिसऱ्या दिवशी जियारत असायची, चाळीसावा असायचा. कार्यक्रम म्हणजे त्याच्यासाठी स्टेज, सतरंजी आणि माणसं. त्याने फोटोकडे पाहिलं. खरं सांगायचं तर त्याच्या मनात आधी आलं ते हेच, की मग माझ्या कार्यक्रमाचं काय? काकाजी गेले, हे त्याच्यानंतर आलं. तो मांडवाच्या बांबूला धरून उभा राहिला.

कुलदीप हात जोडून पुढे आला. डोकं भादरलेलं होतं. "बरं झालं आले. बाबांची लय इच्छा होती. महाराजांचं प्रवचन झालं का तुमी सुरू करा. तवा पंगतीबी बसतीन."

परत फिरायची सोय नव्हती. इमादने स्वतःला समजावलं की काकाजींनी सांगून ठेवलं होतं, मांडव आहे, माणसं आहेत, बोट अजून चालतंय. अर्धं का होईना, ठरलं तसंच आहे. पाचही वाजवायचे, असं तो सत्यवतीला म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

ऊन असं होतं की गिटारच्या तारा लावता लावता उतरत होत्या आणि बासरी चढत होती. मांडवाच्या चार कोपऱ्यांत चार मोठे कूलर घरघरत होते. ते जरा बंद करता येतील का, असं इमादने विचारलं. साउंडवाला त्याच्याकडे बघतच राहिला. "मानसं मरतीन ना भाऊ," तो म्हणाला, आणि माइकला एको लावून दिला.

पेरू सुरू झाला तेव्हा समोर पहिल्या दोन रांगा तरी बसलेल्या होत्या. तो संपायच्या आत कोणीतरी "पयली पंगत बसा" म्हणाला आणि रांगा उठल्या. मालीच्या वेळी समोर सतरंजी होती, आणि तिच्यावर एक म्हातारी, ती झोपली होती. बाजूला पत्रावळी मांडल्या गेल्या. "वरण घ्या, वरण." "पुरी इकडं." "बुंदी आली नाही या लायनीत." जपानच्या तुकड्यात बासरीचा एक लांब सूर येतो आणि मग दोघंही थांबतात. त्या थांबण्यातच सगळा तुकडा आहे. रामराव तिथे डोळे मिटून घेत. दोघं थांबले, आणि एका पाहुण्याला वाटलं की संपलं. त्याने माइक उचलला. "जेवन केल्याशिवाय कोनी जाऊ नये, अशी गावंडे परिवाराची विनंती हाय." माइक परत ठेवला. सत्यवतीने बासरी ओठाला लावली आणि पुढचा सूर घेतला.

बल्गेरियाचा नाच गेला. कसा गेला ते दोघांनाही आठवत नाही.

आर्मेनियाच्या चौथ्या ओळीत इमादचं करंगळीशेजारचं बोटही थांबलं. दुखलं नाही, आखडलं नाही, नुसतं तारेवर पडून राहिलं, दुसऱ्या कोणाचं असावं तसं. त्याने दाबलं, सूर आला नाही. पुन्हा दाबलं. मग वरचा सूर त्याने सोडून दिला. मग मधलेही गेले. उरलेल्या दोन बोटांनी जमेल ते आणि बाकी मोकळ्या तारा, असं तो वाजवत राहिला. सत्यवतीने मान वळवली. तिने स्वतःची ओळ सोडली, त्याचे गेलेले सूर बासरीवर उचलले आणि तुकडा कसाबसा कडेला नेला. आर्मेनियाची अंगाई होती ती. अर्धी राहिली होती आणि संपलीही होती.

तेरवीत टाळ्या वाजवत नाहीत. मठ्ठ्याचा डबा घेऊन एक जण समोरून गेला.

कौशल्याकाकू आतून आल्या, त्यांच्यापुढे बसल्या. डोळे कोरडे होते, चेहरा उतरलेला. "लय बरं वाटलं बाबा," त्या इमादला म्हणाल्या. "मले त्यातलं समजत नाही. पन आतून ऐकलं. ते होते तवा तुमी वाजवत होते ना, अगदी तसंच वाजवलं. काही फरक नाही."

इमादने हात जोडले. हे त्या मायेने बोलल्या होत्या, आणि त्याच्या जिवाला लागेल असं दुसरं काही त्यांना शोधूनही सापडलं नसतं. निम्मे सूर नव्हते आणि फरक नव्हता. मग सगळे असते तरी काय फरक पडणार होता? इतकी वर्षं बडनेऱ्याच्या बाईला उन्हातान्हात बोलावून आपण कोणासाठी सूर जुळवत होतो? रामराव असते तर त्यांना विचारलं असतं. पण खुर्ची ओढून पुढे बसणारा तो एकच होता, आणि तो फोटोत होता.

दोघं शेवटच्या पंगतीला बसले. घास उतरत नव्हता, पण पान टाकून उठणं बरं दिसत नाही, म्हणून जेवले. मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. पुन्हा त्याच कामाला यायची वेळ येऊ नये म्हणून. कुलदीपसमोर हात जोडून, 'येतो' न म्हणता, दोघं मांडवाबाहेर पडले.

परतताना एसटी मिळाली. गिटार दोघांच्या मध्ये उभी होती. मूर्तिजापूर येईपर्यंत सत्यवती खिडकीबाहेर बघत होती. मग बाहेरच बघत म्हणाली, "शेवटी तुमी मोकळ्या तारा वाजवल्या."

"हो."

"कवापासून हाय हे?"

"करंगळी दिवाळीनंतर गेली. दुसरं आज गेलं."

"डॉक्टर काय म्हनते?"

"मानेची नस हाय. गेलेलं येत नाही म्हणतात."

तिने पदराने कपाळ पुसलं. "मले आधी सांगतलं असतं तं."

"तं काय केलं असतं ताई?"

तिला उत्तर द्यायचं होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. "काही नाही," ती शेवटी म्हणाली.

आता आपण काहीतरी बोलायला हवं, असं इमादला वाटत होतं. दुसरा गिटारवाला शोधू, किंवा मी नुसतं लिहीन, वाजवेल कोणीतरी. दोन्ही वाक्यं त्याने मनात म्हणून पाहिली. दोन्ही खोटी लागली.

बडनेऱ्याला गाडी थांबली. सत्यवती उठली, बासऱ्यांची पिशवी खांद्याला लावली, गिटार त्याच्या बाजूला नीट टेकवून ठेवली. दारापर्यंत गेली. इमाद तिच्याकडे बघत होता. हे काही मयताचं घर नव्हतं, इथे 'येते मी' म्हणायला हरकत नव्हती. ती पायरीवर क्षणभर थांबली, कंडक्टर "चला मावशी" म्हणाला, आणि ती उतरून गेली. काही बोलली नाही.

गाडी अमरावतीकडे निघाली तरी तो खिडकीतून मागे वळून बघत होता.